'फ्रीडम फायटर्स' खेळताय? आधी पोरं जमवा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घोडबंदर रोडवरून चार दिवस आमच्याकडे नौपाड्यात राहायला आला आणि माझ्या लॅपटॉपवर त्याने 'फ्रीडम फायटर्स' उघडला. नव्या गेम्समध्ये त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चपळ चालतो. तरी पोस्ट ऑफिसच्या रस्त्यावर तो सलग सात वेळा मेला. आठव्यांदा वैतागून म्हणाला, "मामा, हा गेम जुना झालाय रे. गोळी सरळ जातच नाही."

मी मागे बसून फराळाचं ताट रिकामं करत होतो. गोळी सरळच जात होती. रस्त्याच्या कडेला एक जखमी माणूस मदतीसाठी ओरडत होता आणि हा त्याच्या बाजूने धावत थेट मशीनगनसमोर जात होता. सातही वेळा.

या गेममध्ये बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. आपला नेम चांगला आहे या भरवशावर एकटं घुसायचं आणि पहिल्या कोपऱ्यावर आडवं व्हायचं. हा टोळी बांधायचा गेम आहे. बंदूक लागते, पण नंतर. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून जे शिकलो ते सगळं खाली लिहितोय.

नवख्यांसाठी, दोन मिनिटांत

कोपनहेगनच्या आयओ इंटरअ‍ॅक्टिव्हने हा गेम बनवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो २००३ साली बाजारात आणला. 'हिटमॅन' बनवणारे तेच हे लोक. कथेत त्यांनी इतिहास फिरवलाय: दुसरं महायुद्ध सोव्हिएत युनियनने बर्लिनवर अणुबॉम्ब टाकून संपवलं, मग एकेक देश त्यांच्या पंखाखाली गेला आणि शेवटी लाल फौजा थेट न्यूयॉर्कमध्ये उतरल्या. आपण ख्रिस स्टोन, धंद्याने प्लंबर. भाऊ ट्रॉयसोबत कामावर गेलेला असताना शहर पडतं, भावाला धरून नेतात आणि ख्रिस रस्त्यावर येतो. हातात पाना. खरोखरचा नळ पिळायचा पाना, पहिलं हत्यार तेच.

कॅमेरा ख्रिसच्या पाठीमागे असतो, म्हणजे आपल्याला त्याची पाठ आणि आजूबाजूची माणसं दोन्ही दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. संगीत जेस्पर किडचं आहे. ते भारदस्त कोरस हेडफोन लावून ऐका. आम्ही कॅफेत एकाच कानाने ऐकले, कारण दुसरा कान कायम बिघडलेला असायचा.

घ्यायचा आणि बसवायचा

जुनी सीडी शोधत बसू नका. २०२० साली हा गेम पीसीसाठी पुन्हा आला, स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन गेम-दुकानांत मिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असायची गरज नाही, घरचा साधा लॅपटॉप पुरतो.

सुरू केल्यावर लगेच खेळायला जाऊ नका. कंट्रोल्सचं पान उघडा आणि तीन हुकमांची बटणं कुठे आहेत ते बघा: हल्ला, मागे या, जागा धरा. ही तीन बटणं डाव्या हाताची बोटं न हलवता लागली पाहिजेत. लागत नसतील तर बदलून घ्या. भाच्याने हे पान उघडलंच नव्हतं, त्याला ती बटणं आहेत हेच माहीत नव्हतं. गेममध्ये काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्यांदा खेळताना सगळ्यात खालची घेतली तर कुणी हसणार नाही. वरच्या पायरीवर शत्रूचा नेम असा बसतो की शिकायला उसंतच मिळत नाही.

एक निराशा आधीच सांगतो. पीसीवर मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची सोय, नाही. तो फक्त प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरेंवर होता. आमच्या कॅफेत त्यामुळे एक खेळायचा आणि चौघे मागे उभे राहून अक्कल शिकवायचे. तोच आमचा मल्टिप्लेअर.

पहिला तास: करिश्मा

पडद्यावर करिश्मा नावाचा एक आकडा वाढताना दिसतो. नाव ऐकून वाटतं नुसते गुण असतील. सगळा गेम या एका आकड्यावर उभा आहे. करिश्मा जितका, तितकी माणसं तुमच्या मागे यायला तयार. सुरुवातीला कुणीच नाही, मग एक, दोन, आणि शेवटाकडे बारा. बारा माणसं मागे घेऊन रस्त्यावरून चालायला लागलात की वेगळाच गेम खेळतोय असं वाटतं.

करिश्मा शत्रू मारून वाढत नाही. भाच्याला हे पटायला पूर्ण एक दुपार गेली. दोनशे जण मारा, आकडा जागचा हलत नाही. तो वाढतो तो जखमींना मेडकिट (औषधपेटी) दिल्यावर, कैद्यांना सोडवल्यावर, शत्रूचं एखादं ठाणं किंवा यंत्रणा उडवल्यावर आणि झेंडा चढवल्यावर.

म्हणून नव्या भागात शिरलात की पहिलं काम बंदूक खाली करून ऐकायचं. जखमी माणूस आवाज देतो. गल्ल्यांमधून, अंगणांतून फिरा, नकाशा उघडून खुणा बघा. मेडकिट सापडलं की स्वतःला लावायची घाई करू नका. इथे तब्येत आपोआप भरून येत नाही, त्यामुळे हात शिवशिवतो, पण अर्ध्याहून जास्त जीव शिल्लक असेल तर ते मेडकिट पहिल्या जखमीसाठी ठेवा. तो उठतो, तुमचा करिश्मा वाढतो, आणि वाढलेल्या करिश्म्यावर पुढच्या कोपऱ्यावरचा एखादा बंदूकवाला तुमच्यासोबत निघतो. मेडकिट स्वतःवर खर्च केलंत तर मिळते फक्त थोडी तब्येत, आणि तीही पुढच्या मशीनगनसमोर जाणारच.

माणूस घ्यायचा म्हणजे त्याच्याजवळ जाऊन बटण दाबायचं, बस्स. करिश्मा पुरेसा नसेल तर तो येणार नाही. म्हणून कुठे कोण उभा होता ते ध्यानात ठेवा आणि करिश्मा वाढवून परत या.

आणि एक सापळा. मोक्याच्या इमारतीवर झेंडा चढला की त्या भागातली लढाई संपते. मागे राहिलेले जखमी, कैदी, सगळं राहून जातं. त्यामुळे झेंड्याची दोरी हातात घ्यायच्या आधी आजूबाजूचं सगळं उरकून घ्या. माझे पहिल्या खेळीत पोलीस स्टेशन आणि पोस्ट ऑफिस हे दोन्ही भाग अर्धवटच झाले होते, आणि मग शाळेपाशी पोचेपर्यंत माझी टोळी मित्राच्या टोळीपेक्षा बरीच लहान. दोष मी गेमला दिला होता.

तीन हुकूम

इथे जरा थांबून वाचा.

हल्ल्याचा हुकूम म्हणजे जिथे तुमचा नेम रोखलेला आहे तिथे माणूस जातो आणि समोर दिसेल त्याच्याशी भिडतो. जागा धरायचा हुकूम म्हणजे तिथे जाऊन आडोसा शोधून बसतो आणि तिथूनच लढतो. मागे या म्हणजे सगळं सोडून तुमच्याभोवती. बटण एकदा टिचकीसारखं दाबलंत तर एकच माणूस जातो, दाबून धरलंत तर सगळे जातात. हा फरक ज्याला कळला नाही तो एक बटण दाबून धरतो आणि सगळी पोरं एकाच दरवाज्यात कोंबतो. समोरून एक ग्रेनेड येतो आणि टोळी संपते.

दिवाळीचा किल्ला आठवा. सोसायटीच्या आवारात चिखलाचा किल्ला करताना सगळे मावळे आपण महादरवाज्यात उभे करतो का? दोन बुरुजावर, एक पहाऱ्याच्या चौकीत, एखादा आळिवाच्या हिरवळीत लपवलेला, आणि महाराज वर सिंहासनावर. भाच्याने त्याच आठवड्यात खाली किल्ला केला होता, म्हणून मी त्याला हेच सांगितलं. "तू इथे महाराज नाहीस. तू मावळे मांडणारा आहेस." दुसऱ्या क्षणाला त्याने एक माणूस गाडीमागे, एक जिन्यावर, एक दुकानाच्या दारात असे टिचक्या मारून बसवले आणि त्या चौकात पहिल्यांदा जिवंत राहिला.

माझा क्रम असा. कोपऱ्याअलीकडे थांबा, सगळ्यांना जवळ बोलवा. एकेक टिचकी मारून निम्म्या माणसांना समोरच्या आडोशांमागे जागा धरायला पाठवा. ते गोळीबार सुरू करतात, शत्रूचं तोंड तिकडे वळतं. मग उरलेल्यांना घेऊन तुम्ही बाजूच्या गल्लीतून शिरा. दोन बाजूंनी पकडल्यावर शत्रू मोकळ्यात येतो, आणि तेव्हा हल्ल्याचं बटण दाबून धरा. त्याआधी नाही.

भर रस्त्यात बसवलेली मशीनगन हाती लागली तर तिच्याकडे बोट दाखवून एकाला जागा धरायला लावा. तो जाऊन ती चालवायला घेतो. आपण स्वतः त्या मशीनगनवर बसणं हा मूर्खपणा आहे, कारण मग हुकूम कोण देणार?

ही माणसं २००३ च्या मानाने भलतीच हुशार आहेत, हेही सांगायला हवं. आडोसा स्वतः शोधतात, ओरडून सांगतात, वाट अडली तर वळसा घालतात. आजच्या काही महागड्या गेम्समधले साथीदार दाराच्या चौकटीत अडकून राहतात ते पाहिलं की मला हे लोक आठवतात. फक्त एक: त्यांना समोरचा स्नायपर, म्हणजे दुरून लपून टिपणारा नेमबाज, दिसत नाही. तो तुम्हालाच शोधायचाय.

माणूस पडला म्हणजे लगेच मेला असं नसतं. तो जमिनीवर तडफडत असतो आणि मेडकिट दिलं की उठतो. पण आधी त्याला पाडणारा संपवा. नाहीतर मेडकिट देताना तुम्हीच त्याच्या शेजारी पडाल.

गटाराची झाकणं, पूल आणि हेलिपॅड

क्रांतिकारकांचा तळ गटारात आहे. प्लंबरच तो, त्याला गटार परकं नाही. एका मोहिमेत बहुधा दोन-तीन भाग जोडलेले असतात आणि रस्त्यावरच्या मॅनहोलमधून तुम्ही एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकता. पहिल्या खेपेला बहुतेक जण हे वापरतच नाहीत. समोर जो भाग आला तो संपवल्याशिवाय हलायचं नाही, असा हट्ट. मीही त्यातलाच.

खरा डाव वेगळा आहे. एका भागात हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालून छळत असेल, तर त्याचं हेलिपॅड शेजारच्या भागात असतं. ते तिकडे जाऊन सी-फोरने (चिकटवायच्या स्फोटकाने) उडवा, इकडचं आकाश मोकळं. कुमक येत राहात असेल तर ती येण्याचा पूल कुठेतरी आहे, तो पाडा. ठाणेकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. कळव्याचा पूल एक दिवस बंद ठेवा आणि बघा स्टेशनकडे किती गाड्या पोचतात.

म्हणजे मोहिमेत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं लढू नका. नकाशा बघा. कुठल्या भागात काय आहे ते एकदा फिरून पाहून घ्या. सी-फोर मोजकं मिळतं, म्हणून पहिल्या दिसलेल्या भिंतीला ते चिकटवू नका. लावल्यावर मागे फिरून पळा. आणि पळण्याआधी 'मागे या' दाबायला विसरू नका, नाहीतर तुमची पोरं स्फोटापाशी इमानेइतबारे जागा धरून बसलेली असतात. मी एकदा अख्खी टोळी अशी स्वतःच्या हाताने उडवलीय. मागे उभे असलेले चौघे पुढचा आठवडाभर मला नावं ठेवत होते.

आता सेव्हबद्दल. मॅनहोलपाशी पोचलात म्हणजे सुटलात असं समजू नका. खेळ बंद करायचा असेल तर तळावर परत येऊन सेव्ह करून मगच उठा. २००५ च्या उन्हाळ्यात मी कळव्याला मित्राच्या घरी गोदामाची मोहीम खेळत होतो. दोन भाग मोकळे केले होते, हेलिपॅड उडवलं होतं, टोळी धष्टपुष्ट. मित्राची आई हाक मारत होती, आम्ही "पाच मिनिटं" म्हणत होतो. मग भारनियमनाची वेळ झाली. पंखा थांबला, मॉनिटरवर एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. आम्ही दोघं अंधारात माऊस धरून बसलेलो. आज लॅपटॉपला बॅटरी असते, तरी मी तळावर गेल्याशिवाय उठत नाही.

हत्यारं

यावर लोक फार वाद घालतात. थोडक्यात संपवतो. मोठं हत्यार एकच बाळगता येतं, सोबत एक छोटं, शिवाय ग्रेनेड, पेट्रोल बॉम्ब वगैरे फेकायची सामग्री. मोठं म्हणून साधी रायफल धरा. ती शत्रूकडे असते, त्यामुळे गोळ्या कायम सापडतात. जड मशीनगन दिसायला भारी, पण चालता चालता चालवली तर गोळ्या आभाळात. स्नायपर रायफल मिळाली की छपरावरचे नेमबाज टिपा आणि काम झाल्यावर तिचा मोह सोडा. रॉकेट लाँचर गाड्यांसाठी जपून ठेवा. रिव्हॉल्व्हर मिळालं तर पिस्तूल लगेच टाकून द्या.

पेट्रोल बॉम्ब हा या गेममधला सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. अरुंद जिन्यात किंवा दारात टाकला की बराच वेळ तिथून कुणी येत नाही. तेवढ्यात पोरं मांडून होतात.

नेम धरताना थांबा आणि खाली बसा. उभ्याने धावत मारलेल्या गोळ्या फुकट जातात. "गोळी सरळ जात नाही" या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे होतं.

एक हल्ला, सुरुवातीपासून

तिसऱ्या दिवशी भाचा सिनेमा थिएटरच्या भागात होता. मी म्हटलं, मी गप्प बसतो, तू खेळ.

त्याने सगळ्यात आधी टोळी एका भिंतीमागे बसवली आणि एकटा वाकून पुढे गेला, नुसतं बघायला. समोर पोत्यांच्या आडोशामागे मशीनगन, वर खिडकीत एक जण, डावीकडे उभी गाडी. गोळी न झाडता तो परत आला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

मग तीन टिचक्या, तीन माणसं उभ्या गाडीमागे. मशीनगन त्यांच्याकडे वळली. तो उरलेल्यांना घेऊन उजवीकडच्या बोळात शिरला, तिथे खाली बसून खिडकीतल्याला टिपला, आणि बोळाच्या तोंडावरून मशीनगनवाल्याच्या मागे ग्रेनेड टाकला. मग एक माणूस त्या मशीनगनवर, बाकीचे दारात. गाडीमागचा एक जण पडला होता. भाच्याकडे एकच मेडकिट होतं आणि स्वतःचा जीव पावच्या पाव. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने ते मेडकिट पडलेल्याला दिलं.

"कशाला दिलंस?" मी मुद्दाम विचारलं.

"मामा, आत अजून बरेच असतील. मी एकटा काय करणार?"

आत खरंच बरेच होते.

बर्फ पडल्यावर

गोष्टीच्या मध्यावर एक दगा होतो. कोण देतं ते सांगत नाही, पहिल्यांदा बघताना जी थोबाडीत बसते ती बसायलाच हवी. त्यानंतर शहरावर बर्फ पडलेलं असतं आणि शत्रू पहिल्यापेक्षा कडक. इथून एक बदल करा: तुमची तीन-चार माणसं नेहमी तुमच्याजवळ राखीव ठेवा. सगळी पुढे पाठवलीत आणि मागून तुकडी आली तर तुम्हाला वाचवायला कुणी नसतं. आधीच्या मोहिमांमध्ये हे खपून जातं, इथे नाही.

शेवटची लढाई गव्हर्नर्स आयलंडवर. हे बेट न्यूयॉर्कच्या बंदरात खरंच आहे आणि त्यावर फोर्ट जे नावाचा चांदणीच्या आकाराचा जुना किल्लाही खराच आहे. मला तिथे पोचलं की आपला ठाण्याचा किल्ला आठवतो. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून तो घेतला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि बाजूने रोज रिक्षेने जाणाऱ्यांपैकी कित्येकांना तो किल्ला आहे हेच माहीत नसतं. भाच्यालाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या भिंतीच्या कडेने चालत गेलो. तो दगडी बुरुज बघत म्हणाला, "इथे दोन पोरं वर आणि चार खाली लागतील."

बेटावर उतरताना करिश्मा पूर्ण भरलेला हवा. बारा माणसांशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. उघड्या मैदानातून सरळ धावू नका, एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत निम्मे हलवा, निम्मे जागा धरून गोळीबार करत राहू देत, मग पाळी बदला. मेडकिट शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा, आणि वाटेत पडणाऱ्यांपैकी कुणाला उठवायचं हे आधी ठरवा: जो पुढच्या आडोशाच्या सगळ्यात जवळ पडला असेल त्याला. मैदानात मध्येच पडलेल्याकडे परत जाऊ नका. मन होत नाही, पण मागे गेलात की उरलेले अकराही तुमच्यामागे मैदानात येतात.

भाच्याने बेट पाचव्या खेपेला घेतलं, रात्री पावणेबाराला. झेंडा वर जात होता आणि ताईचा फोन वाजत होता, उद्या सकाळी त्याला परत पाठव म्हणून. त्याने फोन माझ्याकडे सरकवला. लॅपटॉपवरून हात काढायला तो तयार नव्हता. काठिण्याची वरची पायरी निवडून तो परत पाना हातात घेऊन ट्रॉयबरोबर कामावर निघाला होता.